दूर असलेल्या आपल्या माणसांशी व्हिडिओ कॉल: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

न्यूयॉर्क आणि लंडन यांच्या दरम्यान सर्वसामान्य ग्राहकांसाठी दूरध्वनी सेवा ७ जानेवारी १९२७ रोजी सुरू झाली, तेव्हा आवाज रेडिओलहरींवरून महासागर ओलांडत असे आणि पहिल्या तीन मिनिटांसाठी ७५ डॉलर मोजावे लागत. पुढे १९५६ साली अटलांटिकच्या तळाशी टाकलेली पहिली दूरध्वनी केबल सुरू झाली. तिच्यावर सुरुवातीला ३६ वाहिन्या होत्या, म्हणजे दोन्ही तीरांवरच्या कोट्यवधी लोकांच्या वाट्याला त्या केबलवरून एका वेळी जेमतेम पस्तीस-छत्तीस संभाषणे येत. समुद्रापलीकडे गेलेल्या मुलाची ख्यालीखुशाली कळण्यासाठी त्या काळच्या आईवडिलांची सगळी भिस्त पत्रांवर असे. आज त्याच मुलाचा चेहरा हवा तेव्हा समोर दिसतो, त्याचे डोळे ओढलेले आहेत की नाहीत हेही समजते. ही सोय उपलब्ध असलेल्या काळात आपण राहतो याबद्दल मनापासून कृतज्ञ असावे, असे मला वाटते.

परंतु सोय उपलब्ध असणे आणि ती पलीकडच्या माणसाच्या हाती खऱ्या अर्थाने पोहोचणे यांत बरेच अंतर असते. फोन आहे, इंटरनेट आहे, तरीही महिनोन्महिने बोलणे होत नाही अशी घरे पुष्कळ असतात, आणि त्यामागे प्रेमाचा अभाव क्वचितच असतो. कॉल उचलता न येणे, आवाज नीट न ऐकू येणे, वेळ न जुळणे अशी साधी कारणे असतात. ज्यांच्या घरातले कोणी नुकतेच दूर गेले आहे, किंवा जे स्वतः दूर गेले आहेत आणि मागे राहिलेल्या वडीलधाऱ्यांना व्हिडिओ कॉलची सवय लावू इच्छितात, त्यांच्यासाठी हा लेख आहे. पुढच्या सर्व पायऱ्यांमागचे सूत्र एकच आहे: दोघांपैकी ज्याला तंत्रज्ञान कमी जमते, त्याच्या सोयीने सगळी व्यवस्था लावावी. ज्याला जास्त जमते त्याने थोडी गैरसोय सोसावी.

पहिली पायरी: पलीकडच्या माणसाची परिस्थिती समजून घ्या

कोणते ॲप घ्यायचे, कोणता फोन द्यायचा, हे प्रश्न नंतरचे आहेत. आधी पलीकडच्या माणसाला कितपत ऐकू येते, बारीक अक्षर दिसते का, बोटे थरथरतात का, घरात मदतीला कोणी असते का, दिवसाचा कोणता वेळ निवांत असतो, हे विचारून घ्यावे. ज्यांना नीट ऐकू येते पण दिसत कमी, त्यांच्यासाठी साधा आवाजी कॉल अधिक सुखाचा ठरतो. ज्यांना ऐकू कमी येते त्यांना चेहरा दिसला, ओठांची हालचाल दिसली, की अर्धे बोलणे सहज उमगते.

इथे एक ऐतिहासिक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. दूरध्वनीचे पेटंट १८७६ साली मिळवणारे अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या आईला ऐकू कमी येत असे, आणि १८७७ साली ज्यांच्याशी त्यांचा विवाह झाला त्या मेबल यांची श्रवणशक्ती लहानपणच्या आजारात गेली होती. म्हणजे ज्या उपकरणाने जगातली माणसे जोडली, ते खुद्द बेल यांच्या पत्नीला बोलण्यासाठी वापरता येत नव्हते. व्हिडिओ कॉलमुळे आज कर्णबधिर माणसे दूरच्या नातेवाइकांशी आपल्या सांकेतिक भाषेत मनसोक्त बोलू शकतात. त्यामुळे ‘यांना ऐकूच येत नाही, मग कॉल कशाला’ असे म्हणून कोणालाही वगळू नये.

दुसरी पायरी: ॲप निवडा आणि नंबर सांभाळा

ॲपच्या निवडीत फार वेळ घालवू नये. पलीकडच्या माणसाच्या ओळखीतले बहुतेक लोक जे वापरतात तेच घ्यावे, कारण अडचण आली की शेजारी बसलेला कोणीही ती सोडवू शकतो. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉलची सोय २०१६ पासून आहे आणि अनेक घरांत ते आधीच फोनवर असते. दोन्हीकडे आयफोन असतील तर फेसटाइम आयतेच मिळते. मात्र एका ॲपवर सर्वस्वी अवलंबून राहू नये. ज्या स्काइपने २००३ पासून असंख्य कुटुंबांना जोडून ठेवले, ते मे २०२५ मध्ये बंद झाले. म्हणून दुसरे एखादे ॲप दोन्ही फोनवर आधीच टाकून, त्यावरून एकदा बोलून ठेवावे, आणि साधा फोन नंबर तर कागदावर लिहिलेला असावाच.

परदेशी जाणाऱ्यांनी नंबराच्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी. व्हॉट्सॲपचे खाते फोन नंबराशी बांधलेले असते. नव्या देशात नवे सिम घेतल्यावर जुना नंबर तसाच सोडून दिला, तर काही काळाने दूरसंचार कंपनी तो दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. जुना नंबर कायमचा सोडायचा असेल तर तो चालू असतानाच ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन खात्याचा नंबर बदलावा. ठेवायचा असेल तर वेळेवर रिचार्ज करत राहावे, कारण फोन बदलताना पडताळणीचा कोड त्याच नंबरावर येतो. दोन्ही फोनवर टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे कोडशिवाय आणखी एक पिन मागणारी सुरक्षेची सोय, सुरू करून त्याचा सहा आकडी पिन सुरक्षित जागी लिहून ठेवावा.

तिसरी पायरी: त्यांचा फोन त्यांच्यासाठी लावून द्या

सर्वांत जास्त वेळ या पायरीला द्यावा. शक्य असल्यास निघण्यापूर्वीच हे काम करावे, कारण दूरवरून तोंडी सूचना देत फोनची सेटिंग बदलणे दोघांनाही थकवणारे असते.

अक्षरांचा आकार वाढवा. रिंगचा आवाज पूर्ण ठेवा आणि ती स्पष्ट, ओळखू येण्याजोगी निवडा. मंद सुरावट घरातल्या इतर आवाजांत हरवून जाते. ‘डू नॉट डिस्टर्ब’ ही फोनचा आवाज बंद ठेवणारी सोय चुकून सुरू झाली तर कॉल आल्याचे कळतच नाही, म्हणून त्याचे चिन्ह कसे दिसते ते दाखवून ठेवा. अनेक अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी न वापरलेली ॲप पार्श्वभूमीवर थांबवतात आणि मग रिंग वाजत नाही. बॅटरीच्या सेटिंगमध्ये जाऊन कॉलच्या ॲपला त्या निर्बंधातून मोकळे करा. ॲपला कॅमेरा, मायक्रोफोन आणि सूचना यांची परवानगी दिलेली आहे का, तेही पाहा. आपोआप उतरणारे फोटो आणि व्हिडिओ बंद करा, म्हणजे फोनची जागा भरून तो अडखळणार नाही. ज्यांच्याशी नेहमी बोलायचे त्यांचे चॅट वर पिन करा आणि प्रत्येकाच्या नावासोबत स्पष्ट चेहऱ्याचा फोटो लावा, म्हणजे नाव वाचता आले नाही तरी कोणाचा कॉल आहे ते कळेल.

एवढे केल्यावरही सर्वांत मोठी अडचण कॉल उचलण्याचीच असते, असे दिसते. फोन वाजतो, हिरवे चिन्ह दिसते, आणि आजी त्यावर बोट ठेवून दाबून धरतात. काहीच होत नाही, म्हणून अधिक जोर लावून दाबतात. पुष्कळ फोनवर ते चिन्ह दाबायचे नसते, बोट टेकवून वर किंवा बाजूला सरकवायचे असते, आणि आयुष्यभर बटणे दाबण्याची सवय असलेल्या हाताला ही हालचाल अनोळखी असते. त्यात वयामुळे बोटांची त्वचा कोरडी पडलेली असली, तर पडदा स्पर्श ओळखतच नाही. अशा वेळी ‘एवढे साधे कसे जमत नाही’ असे चुकूनही म्हणू नये. त्यांच्या शेजारी बसावे, दुसऱ्या फोनवरून पुन्हा पुन्हा कॉल लावावा, आणि त्यांचे बोट आपल्या हातात न धरता त्यांनाच सरकवू द्यावे. बोट किंचित ओलसर करून किंवा बोटाचे टोक न लावता पेराचा मऊ भाग टेकवून पाहावे. फोनमध्ये टच अँड होल्ड (बोट किती वेळ दाबून धरायचे ते) किंवा स्पर्शाची संवेदनशीलता बदलण्याची सोय असेल तर तीही वापरावी. हे सलग काही वेळा न चुकता जमले, की निम्मी लढाई जिंकली असे समजावे.

दुसरी हमखास दिसणारी गोष्ट म्हणजे व्हिडिओ कॉल सुरू झाल्यावर फोन कानाला लावणे. पलीकडे पडद्यावर फक्त कान दिसतो. हीसुद्धा जुनी सवय आहे आणि ती हसण्यावारी नेऊ नये. स्पीकर सुरू असतो, त्यामुळे फोन समोर धरला तरी ऐकू येते, हे प्रत्यक्ष दाखवून द्यावे. फोन धरताना बोट खालच्या कडेवरच्या बारीक छिद्रावर येते का, तेही पाहावे. तिथेच मायक्रोफोन असतो आणि ते झाकले गेले की आवाज दबल्यासारखा येतो. यावर खात्रीचा उपाय म्हणजे फोन हातात न धरता एखाद्या स्टँडमध्ये किंवा पुस्तकांच्या आधाराने डोळ्यांच्या पातळीवर उभा करणे. हात मोकळे राहतात, चित्र हलत नाही आणि मनगट दुखत नाही.

शेवटी मोठ्या अक्षरांत एक कागद लिहून फोनजवळ चिकटवावा: कॉल कसा उचलायचा, कसा लावायचा, आवाज कसा वाढवायचा आणि काही अडले तर कोणाला हाक मारायची. शब्द त्यांच्या बोलण्यातले असावेत. ‘आयकॉन’ लिहिण्यापेक्षा ‘कॅमेऱ्याचे चित्र’ असे लिहिलेले बरे.

चौथी पायरी: इंटरनेटची जोडणी तपासा

कॉल सतत तुटत असेल तर दोष बहुधा ॲपचा नसून वायफायच्या अंतराचा असतो. ज्या खुर्चीत बसून बोलणार, तिथे सिग्नल कसा येतो ते आधी पाहावे. वायफायचे सहसा दोन पट्टे (बँड) असतात, २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा भिंतींमधून अधिक लांबवर पोहोचतो, ५ गिगाहर्ट्‌झचा जवळून वेगवान चालतो. राउटर दूरच्या खोलीत असेल तर पहिला पट्टा निवडावा.

चित्र अडखळू लागले तर कॉल तोडून पुन्हा लावण्याआधी कॅमेरा बंद करून पाहावा. चित्राच्या मानाने आवाजाला फारच कमी डेटा लागतो. अनेक ॲप वापरतात तो ओपस नावाचा ध्वनिसंकेत (आवाज कमी डेटात बसवून पाठवण्याची पद्धत) २०१२ साली मानक म्हणून प्रसिद्ध झाला आणि तो सेकंदाला अवघ्या ६ किलोबिटपासूनही काम करू शकतो. त्यामुळे जोडणी कमकुवत असतानाही आवाज टिकून राहतो. चेहरा दिसला नाही तरी बोलणे पूर्ण झाले याचे समाधान वेगळेच असते.

पाचवी पायरी: घरातल्या घरात सराव

खरा कॉल लावण्यापूर्वी एकाच घरातल्या दोन खोल्यांतून सराव करावा. दोन्ही फोन एकाच खोलीत ठेवू नयेत. एका फोनच्या स्पीकरचा आवाज दुसऱ्याच्या मायक्रोफोनमध्ये शिरून कर्कश घुमारा उठतो आणि नवशिका माणूस घाबरून फोन ठेवून देतो. सरावात कॉल उचलणे, कॅमेरा पुढचा-मागचा करणे, आवाज वाढवणे आणि कॉल संपवणे एवढेच शिकवावे. बाकीचे हळूहळू आपोआप येते.

सहावी पायरी: प्रकाश, आवाज आणि येणारा उशीर

प्रकाश चेहऱ्यावर समोरून यावा. खिडकीकडे पाठ करून बसले तर चेहरा काळवंडतो. बोलण्याआधी कॅमेऱ्याची काच मऊ कापडाने पुसावी; बोटांच्या तेलकट ठशांनी चित्र धूसर होते आणि आपल्याला वाटते कॅमेरा खराब आहे. पंखा, टीव्ही, भांड्यांचे आवाज शक्य तितके कमी करावेत. ज्यांना कमी ऐकू येते त्यांच्यासाठी कानाभोवती बसणारे हेडफोन उपयोगी पडतात, आणि श्रवणयंत्र ब्लूटूथचे असेल तर ते थेट फोनशी जोडता येते. काही फोनवर बोललेले शब्द पडद्यावर लिहून दाखवण्याची सोय असते, परंतु ती मोजक्याच भाषांसाठी असते, म्हणून आपल्या भाषेसाठी आहे का ते आधी तपासावे.

आता उशिराविषयी, म्हणजे आपले बोलणे पलीकडे पोहोचायला लागणाऱ्या वेळेविषयी. दूरदेशीचे कॉल बहुतेक वेळा काचेच्या बारीक तंतूंमधून प्रकाशाच्या रूपाने जातात. या तंतूंतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे १०,००० किलोमीटर अंतर कापायला त्याला सुमारे ५० मिलिसेकंद (सेकंदाचा हजारावा भाग म्हणजे एक मिलिसेकंद) लागतात. वाटेतली यंत्रे आणि फोनमधली प्रक्रिया त्यात भर घालतात. एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर संभाषण सहज वाटते, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत म्हटले आहे. जमिनीपासून ३५,७८६ किलोमीटर उंचीवरच्या भूस्थिर (पृथ्वीवरून एकाच जागी स्थिर दिसणाऱ्या) उपग्रहामार्गे जोडणी असेल तर केवळ वर जाऊन खाली येण्यातच पाव सेकंदाच्या आसपास जातो. हा हिशेब मांडण्याचे कारण असे, की या उशिरामुळे दोघेही एकदम बोलू लागतात, मग दोघेही एकदम थांबतात, आणि ‘तू बोल’, ‘नाही, तू बोल’ यातच वेळ जातो. कधी वडीलधाऱ्यांना वाटते की आपले बोलणे मधेच तोडले गेले. वाक्य संपल्यावर क्षणभर थांबण्याची सवय तुम्ही लावून घ्यावी आणि त्यांना कारणही समजावून सांगावे.

सातवी पायरी: वेळ ठरवा

ठरलेला वार आणि ठरलेली वेळ असावी. वाट पाहण्यातही आनंद असतो, आणि अचानक येणारा कॉल मात्र अनेक ज्येष्ठांच्या मनात ‘काही अशुभ तर नाही ना’ अशी धास्ती निर्माण करतो. वेळ निवडताना त्यांच्या झोपेला आणि औषधांना धक्का लागणार नाही असे पाहावे; जागरण करायचे असेल तर ते तरुणाने करावे.

ज्या देशांत उन्हाळ्यात घड्याळे पुढे करतात, तिथे राहणाऱ्यांनी वर्षातून दोनदा सावध राहावे. युरोपीय संघात हा बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो, तर अमेरिकेच्या बहुतेक भागांत मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. जिथे घड्याळ बदलत नाही तिथल्या माणसाला याची कल्पना नसते आणि तो तासभर फोनसमोर बसून राहतो. म्हणून बदलाच्या आदल्या आठवड्यात आठवण करावी, किंवा त्याहून चांगले म्हणजे त्यांची वेळ कायम ठेवून तुम्ही आपली बदलावी. त्यांच्या फोनवर किंवा भिंतीवर तुमच्या शहराची वेळ दाखवणारे दुसरे घड्याळ लावून दिले, तर ‘आता तो झोपला असेल’ हे त्यांना विचारावे लागत नाही.

आठवी पायरी: बोलायचे काय

यंत्रे जुळल्यावर खरा प्रश्न इथे उभा राहतो. ‘कसे आहात?’, ‘बरा आहे’, ‘जेवलात का?’, ‘हो, तू?’ एवढ्यावर अनेक कॉल आटोपतात, कारण दूर राहणाऱ्यांच्या दिनक्रमात सामाईक असे काही उरलेले नसते. त्यावर उपाय म्हणजे प्रश्न कमी करावेत आणि दाखवणे वाढवावे. मागचा कॅमेरा सुरू करून खिडकीबाहेरचा रस्ता दाखवा, आज पडलेला पाऊस दाखवा, तुमच्या कामाच्या टेबलावर काय काय पसरले आहे ते दाखवा. त्यांनाही अंगणातले झाड, शिवायला घेतलेले कापड, दुरुस्त करायला उघडलेले घड्याळ दाखवायला सांगा. विशेषतः त्यांच्याकडून काही शिकून घ्या: एखादी वस्तू कशी दुरुस्त करायची, जुन्या फोटोतला चौथा माणूस कोण, हे हस्ताक्षर कोणाचे. फोनच्या बाबतीत सतत शिकणाऱ्याच्या भूमिकेत राहावे लागलेल्या माणसाला शिकवणाऱ्याची जागा परत मिळते, आणि तुम्हालाही एरवी कधी विचारले नसते ते कळते.

सतत बोललेच पाहिजे असे नाही. फोन उभा करून ठेवावा, दोन्हीकडे आपापली कामे चालू द्यावीत, मधूनच एखादे वाक्य बोलावे. एका घरात राहणारी माणसे तरी कुठे अखंड बोलत असतात? असा तासभराचा सहवास घाईने केलेल्या चौकशीपेक्षा कितीतरी समाधान देतो. या उलट, फोनकडे अधूनमधून पाहत, दुसऱ्याच कोणाला संदेश लिहीत केलेला कॉल पलीकडे लगेच लक्षात येतो, कारण कॅमेऱ्यातून नजर कुठे वळली ते स्पष्ट दिसते. वेळ कमी असेल तर तसे आधीच सांगावे आणि तेवढा वेळ पूर्ण द्यावा.

लहान मुलांना पडद्यासमोर बसवावे का, असा प्रश्न नवे आईवडील विचारतात. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ साली, १८ महिन्यांखालच्या मुलांना पडद्यांपासून दूर ठेवण्याचा सल्ला देताना व्हिडिओ कॉलचा मात्र अपवाद केला होता. तेव्हा नातवंडांना आजी-आजोबांशी अवश्य बोलू द्यावे. मूल एका जागी बसणार नाही हे गृहीत धरावे. ते खेळत असताना फोन जमिनीलगत ठेवला, तर आजोबांना त्याचे खेळणे दिसते आणि मुलालाही मधूनच येऊन त्यांना काहीतरी दाखवता येते. मुलाला कॅमेऱ्यासमोर ओढून ‘गाणे म्हणून दाखव’ असा आग्रह धरू नये.

स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाशी बोलताना अधिक जपावे लागते. कॉल ठरावीक वेळी आणि थोडक्यात करावा, शेजारी ओळखीचे कोणी असावे, आणि सुरुवातीलाच आपले नाव आणि नाते सांगावे. ‘मला ओळखलंत का?’ हा प्रश्न विचारू नये. उत्तर न आल्यास त्यांना ओशाळल्यासारखे होते आणि तुम्हालाही दुःख होते. पडद्याच्या कोपऱ्यात दिसणारी त्यांची स्वतःची प्रतिमा काहींना गोंधळवते, ती लपवण्याची सोय असेल तर वापरावी. जुने फोटो, ओळखीचे सूर, एखादी रोजची प्रार्थना यांचा उपयोग होतो. काचेच्या तंतूंमधून प्रकाशाच्या साहाय्याने लांबवर संदेश पाठवता येतील हे १९६६ सालच्या शोधनिबंधात मांडणारे चार्ल्स काव यांना २००९ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तोवर त्यांना अल्झायमर हा स्मृती हिरावणारा आजार झाला होता, आणि नोबेल व्याख्यान त्यांच्या पत्नी ग्वेन यांनी दिले. खंडाखंडांमधले आपले जवळजवळ सगळे कॉल आज समुद्रतळाच्या अशाच तंतूंमधून धावतात. विस्मरणात गेलेल्या आपल्या माणसाशी दूरवरून बोलताना काव यांचे स्मरण ठेवावे, असे मला नेहमी वाटते.

नववी पायरी: कॉलच्या मधल्या दिवसांसाठी

दोघांच्या जागेपणीच्या वेळा जुळत नसतील तेव्हा ध्वनिसंदेश हा उत्तम मार्ग आहे. टाइप करायला कष्ट पडणाऱ्यांना बोलणे सोपे जाते, आणि ऐकणारा हवे तेव्हा, हवे तितक्या वेळा ऐकू शकतो. हे संदेश जपून ठेवावेत. व्हॉट्सॲपवरच्या संदेशांना २०१६ पासून दोन टोकांमधले संपूर्ण कूटबंधन असते, म्हणजे मधल्या कोणालाही ते वाचता किंवा ऐकता येत नाहीत. परंतु फोन हरवला आणि बॅकअप नसला तर तेही परत मिळत नाहीत. म्हणून बॅकअप सुरू करावा, आणि आई-वडिलांचे, आजी-आजोबांचे निवडक संदेश वेगळे उतरवून संगणकावर किंवा दुसऱ्या जागीही ठेवावेत. फाइलला नाव देताना कोण बोलत आहे आणि साल कोणते ते लिहावे. आवाज ही गोष्ट फोटोइतक्या सहजपणे मागे राहत नाही, आणि ती मुद्दाम राखावी लागते.

दहावी पायरी: फसवणुकीपासून संरक्षण

ज्या तंत्रामुळे चेहरा आणि आवाज जवळ आले, त्याच तंत्राने ते हुबेहूब नक्कल करून खोटेही सादर करता येतात. ‘मी अडचणीत आहे, ताबडतोब पैसे पाठवा’ असा तुमच्याच आवाजातला कॉल अनोळखी नंबरावरून आला, तर घाबरलेली आई विचार करायला थांबणार नाही. यासाठी कुटुंबात एक परवलीचा शब्द आधीच ठरवावा, जो कुठेही लिहिलेला किंवा संदेशात पाठवलेला नसेल. पैशांची मागणी आली की कॉल ठेवून जतन केलेल्या नंबरावर स्वतः फोन लावायचा, हा नियम त्यांच्याकडून वदवून घ्यावा. ओटीपी, पिन कोणालाही, अगदी मुलाचे नाव सांगणाऱ्यालाही, सांगायचा नाही.

पडदा दाखवण्याची, म्हणजे स्क्रीन शेअरिंगची, सोय दूरवरून मदत करायला फार उपयोगी आहे. व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलमध्ये ती २०२३ मध्ये आली. ‘आता खाली उजवीकडे काय दिसते?’ असे विचारत बसण्याऐवजी तुम्हाला त्यांचा पडदाच दिसतो. मात्र ठगही हीच सोय मागतात, म्हणून घरच्या ठरलेल्या माणसांखेरीज कोणालाही पडदा दाखवू नये आणि बँकेचे ॲप उघडण्यापूर्वी ती बंद करावी. अनोळखी नंबरांचे कॉल आपोआप शांत करण्याचा पर्यायही व्हॉट्सॲपमध्ये आहे. तो ज्येष्ठांच्या फोनवर सुरू ठेवावा.

अकरावी पायरी: अधूनमधून देखभाल, आणि पलीकडच्या मदतनीसाचे आभार

एकदा लावून दिलेली व्यवस्था कायम तशीच चालत नाही. ॲप अद्ययावत झाले की बटणांच्या जागा बदलतात, परवानग्या पुन्हा विचारल्या जातात, फोनची जागा भरते. दर दोन-तीन महिन्यांनी एखादा कॉल केवळ या तपासणीसाठी ठेवावा आणि भिंतीवरचा कागद नव्या रचनेप्रमाणे पुन्हा लिहून पाठवावा. ऐकू येणे, दिसणे, हातांची पकड याही गोष्टी बदलत असतात. ‘हल्ली फोनवर बोलायला त्रास होतो का?’ हे थेट विचारावे, कारण बरीच वडील माणसे तक्रार न करता कॉल टाळू लागतात आणि आपण समजतो की त्यांना बोलण्यात रस राहिला नाही.

पलीकडे बहुतेक वेळा एखादे माणूस असते, जे दर आठवड्याला फोन चार्ज करून ठेवते, कॉल लावून देते, आवाज वाढवते आणि मग बाजूला होते: शेजारची मुलगी, सांभाळायला येणाऱ्या बाई, धाकटा भाऊ, वृद्धाश्रमातला एखादा कर्मचारी. त्यांचे नाव घेऊन, त्यांना पडद्यासमोर बोलावून आभार मानावेत, त्यांची विचारपूस करावी, आणि त्यांना अडचण येईल अशा दिवशी कॉलचा आग्रह धरू नये. त्यांचा नंबर तुमच्याकडे आणि तुमचा त्यांच्याकडे असावा, म्हणजे ठरलेल्या वेळी फोन उचलला गेला नाही तर कोणाकडे चौकशी करायची ते दोन्हीकडे ठाऊक राहील.